आधी वीस स्तोत्रे

पाठांतर हा शब्द ऐकला की माझ्या तळहाताला आजही छडी आठवते. शाळेत कविता अडखळली की हात पुढे करावा लागे. तशा पाठ झालेल्या कवितांपैकी एकही नंतर माझ्यापाशी राहिली नाही. त्याच वर्षांत घरी आजी होती. तिला अक्षरओळख नव्हती. पण पहाटे जात्याच्या खुंट्याला हात घातला की ओवीमागून ओवी येई. दळण सरे, ओव्या सरत नसत. ही दोन्ही पाठांतरेच. मग एकाचा तिटकारा का यावा आणि दुसऱ्याचा आधार का वाटावा?

हा प्रश्न विसरलोही असतो. पण नगरच्या एका ख्रिस्ती मित्राच्या घरी त्याच्या आईला बायबलमधली वचने घडाघडा म्हणताना ऐकले. अमुक पुस्तक, अमुक अध्याय, अमुक ओवी. मजकूर गद्य, तरी त्या घरात वचनाला ओवीच म्हणत! मी ख्रिस्ती नाही आणि कोणत्या विद्यापीठाचा तर नाहीच नाही. तरी हा धागा धरून मागे मागे जात राहिलो, तो चौथ्या शतकातल्या इजिप्तमध्ये, नाईलकाठी जाऊन पोहोचलो.

एकट्याने अरण्यात राहणारे ख्रिस्ती तपस्वी तिथे आधीपासून होते. अनेकांनी एका कुंपणात, एका शिस्तीने राहावे ही रीत बसवली ती पाखोमियसने, ताबेन्नेसी या गावी. त्याच्या मठांचे नियम जेरोमने ४०४ मध्ये लॅटिनमध्ये आणले, म्हणून आज आपल्याला वाचता येतात. नवा माणूस आला की त्याला आधी मठाची शिस्त सांगायची. ती त्याने मान्य केली की वीस स्तोत्रे, किंवा पौलाची दोन पत्रे, किंवा शास्त्राचा असाच काही भाग त्याच्या हवाली करायचा. तो निरक्षर असेल तर दिवसातून तीनदा शिक्षकापुढे उभे राहून अक्षरे शिकायची. मठात वाचता न येणारा कोणी राहता कामा नये, आणि निदान नवा करार व स्तोत्रसंहिता प्रत्येकाला मुखोद्गत हवी. स्तोत्रे दीडशे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या 'निदान'चे वजन कळते.

आणि इच्छा नसली तरी त्याला वाचायला लावावे, असेही तिथे स्वच्छ लिहिले आहे. ते वाचताना छडी पुन्हा आठवली.

पण त्याच नियमावलीत आजीही सापडली. कणीक मळताना कोणी कोणाशी बोलायचे नाही. भाकरी भट्टीकडे नेताना स्तोत्रांतले किंवा शास्त्रातले काही म्हणायचे, काम संपेपर्यंत. जेवणघराच्या दाराशी बांधवांना गोड खाऊ वाटणाऱ्यानेही वाटता वाटता शास्त्रातले काहीतरी म्हणत राहायचे. हे संन्यासी चटया विणत, टोपल्या विणत, दोर वळत, आणि हातांबरोबर ओठ चालत. या म्हणण्याला ग्रीकमध्ये जो शब्द होता, त्याचे लॅटिनमध्ये 'मेडिटाशिओ' झाले. आज आपण त्याला मनन किंवा ध्यान म्हणतो आणि डोळे मिटून गप्प बसलेला माणूस नजरेसमोर आणतो. मूळ अर्थ मात्र पुटपुटत घोळवणे असा होता.

अर्थाचे काय? 'न समजता घोकले तर काय उपयोग' हा आपला ठरलेला आक्षेप. योहान कासियन हा या इजिप्शियन संन्याशांत राहून पुढे मार्सेला गेला. त्याने पाचव्या शतकात लिहिलेल्या संवादांत याचे उत्तर आहे. पाठ करताना लक्ष शब्दांत गुंतलेले असते, म्हणून अर्थ निसटतो; पुढे रात्रीच्या निवांतपणी तेच मनात फिरू लागले की उकलते. माझ्या आजीला हे सांगितले असते तर तिला त्यात नवे काही वाटले नसते.

पांबोची कथा मात्र या सगळ्यांहून निराळी. ती सोक्रातीस नावाच्या पाचव्या शतकातल्या इतिहासकाराने नोंदवली आहे. निरक्षर पांबो एकाकडे स्तोत्र शिकायला गेला. जिभेने पाप घडू नये म्हणून जपेन, अशा अर्थाची पहिलीच ओळ ऐकली आणि उठला. सहा महिने फिरकला नाही. का आला नाहीस, असे विचारले तर म्हणाला, ती ओळ अजून आचरणात आलेली नाही. पुष्कळ वर्षांनी पुन्हा कोणी विचारले, तेव्हा उत्तर होते: एकोणीस वर्षांत जेमतेम जमली. पाखोमियसच्या मठात हा उमेदवार बहुधा नापास झाला असता.

या लोकांचे माप संपूर्ण स्तोत्र किंवा संपूर्ण पत्र हे होते. सुटे, आकडा लावलेले वचन पाठ करण्याची सोय छापखान्याने दिली. रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली जिनिव्हात छापलेल्या ग्रीक नव्या करारात ओव्यांना दिलेले क्रमांक आजही चालतात. माझ्या मते इथे काही हरवले. सुटे वचन मागच्या-पुढच्या संदर्भातून उपटता येते आणि वादात दगडासारखे फेकताही येते.

आपल्याकडे याला एक वेगळीच जोड मिळाली. पंडिता रमाबाईंना आठव्या वर्षापासून आईने संस्कृत शिकवले, तेही वणवण भटकंतीत. भागवताचे हजारो श्लोक त्यांच्या मुखी होते. त्याच बाईंनी उतारवयात केडगावच्या मुक्ती सदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणायला घेतले. खेड्यातल्या बाईला कळावे म्हणून संस्कृतप्रचुर शब्द टाळण्याचा त्यांचा आग्रह होता. १९२२ मध्ये त्या गेल्या, तोवर हे काम हातावेगळे झाले होते. छपाईतही सदनातल्या स्त्रियांचे हात होते. इतके पाठांतर केलेल्या बाईने पुढे समजण्याचा एवढा ध्यास घ्यावा, याचा संबंध मी नुसता योगायोग मानायला तयार नाही.

आकड्यांबद्दलची माझी तक्रार मी मित्राच्या आईला एकदा बोलून दाखवली. त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आकडा सांगितला नाही, तर तुम्हाला पुस्तकात सापडेल कसं, भाऊ?"