अफगाण चर्च : न कोरलेल्या नावांचा शोध

मुंबईतील कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये सकाळी पाऊल टाकले की आधी नजर जाते ती पूर्वेच्या रंगीत काचांकडे. या आणि पश्चिमेकडच्या खिडकीच्या काचा इंग्लंडातील न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स यांच्या कारखान्यात घडल्या. त्यांचा प्रकाश ज्या भिंतींवर पडतो, ती सारी वास्तूच युद्धात गेलेल्यांचे स्मारक आहे. पण नेमक्या कोणाचे? याचे उत्तर काचेत नव्हे, भिंतीवरच्या अक्षरांत शोधावे लागते.

आधी निश्चित तारखा पाहू. पायाभरणी 4 डिसेंबर 1847 रोजी झाली. ऑक्सफर्डचे वास्तुकार डेरिक यांचा आराखडा फार खर्चिक ठरल्याने पुढे हेन्री कॉनीबेअर यांचा आराखडा स्वीकारला गेला. 7 जानेवारी 1858 रोजी बिशप हार्डिंग यांनी चर्चची प्रतिष्ठापना केली. समुद्रातून दिसणारा उंच मनोरा मात्र 1865 साली पुरा झाला.

आता स्मृतिलेख. त्याचा आशय असा : ज्या अधिकाऱ्यांची नावे खाली भिंतींवर लिहिली आहेत त्यांच्या, आणि नोंद करता येणार नाही इतक्या मोठ्या संख्येने कर्तव्य बजावताना आजाराने किंवा तलवारीने पडलेल्या कनिष्ठ हुद्देदार व साध्या सैनिकांच्या स्मरणार्थ, मोहिमा सिंध व अफगाणिस्तानच्या, वर्षे 1838 ते 1843.

हा लेख सावकाश वाचावा. ‘सिंध’ आधी येते, ‘अफगाणिस्तान’ नंतर. चर्चच्या रूढ नावामुळे आपल्याला जानेवारी 1842 मधील ब्रिटिश फौजेची काबूलहून माघार आठवते. पण त्या माघारीत नष्ट झालेले सैन्य मुख्यतः बंगालचे होते. मुंबईची फौज 1838 च्या अखेरीस सिंधमध्ये उतरली, कंदाहारमार्गे गझनीला पोहोचली आणि 23 जुलै 1839 रोजी गझनीच्या हल्ल्याच्या वेळी तिथे होती. पुढे 17 फेब्रुवारी 1843 ची मियानीची लढाई सिंधमध्येच झाली. अखेरचे वर्ष 1843 का, याचा उलगडा इथे होतो. शिवाय लेखात आजार तलवारीच्या आधी आला आहे. हा क्रम जाणूनबुजून ठेवला असावा, हे माझे अनुमान, पुरावा नव्हे.

‘साध्या सैनिकांत’ मुंबई पलटणींचे हिंदी शिपाई धरले होते का? लेखाचे शब्द ना त्यांना वगळतात, ना त्यांचा स्पष्ट उल्लेख करतात. मोहिमांचा इतिहास मात्र एका बाजूला झुकतो. 1840 साली बलुचिस्तानातील काहानचे ठाणे कॅप्टन लुईस ब्राऊन यांच्या हाताखाली मुंबईच्या 5 व्या पलटणीने महिनोन्‌महिने लढवले. 31 ऑगस्टला त्यांच्या सुटकेसाठी निघालेली तुकडी नफुस्क खिंडीत मागे रेटली गेली. तिथे कित्येकांचा जीव पाण्यावाचून गेला. ही दोन्ही दळे प्रामुख्याने हिंदी शिपायांची होती. 5 व्या पलटणीचा वारसा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या ‘काली पांचवी’ बटालियनकडे आहे. म्हणून ‘नोंद करता येणार नाही इतके’ या शब्दांआड कोकणातले, देशावरचे पुष्कळ जण असावेत, हे अनुमान मला भक्कम वाटते.

तिसरा थर मात्र लेखात नाहीच : बाजारबुणगे. भिस्ती, डोलीवाले, मोतद्दार, उंटवाले. 1842 च्या माघारीत काबूलहून निघालेल्या सुमारे 4,500 सैनिकांबरोबर असे सुमारे 12,000 लोक होते. मुंबईच्या फौजेचाही भार अशाच माणसांनी वाहिला. लेखात अधिकारी आहेत, हुद्देदार आहेत, सैनिक आहेत. ही माणसे कोणत्याच शब्दात बसत नाहीत.

पडलेले सैनिक नोंदच करता येणार नाही इतके होते, यावर माझा विश्वास बसत नाही. फौजेत पगार, निवृत्तिवेतन, वारसाचा हक्क, सारे नावानेच चालते. नावे होती, भिंतीवर ती घेतली नाहीत. रत्नागिरी, सातारा, पुणे या भागांतल्या कोणाच्या घरी काबूल-सिंधच्या मोहिमेचा जुना कागद, पदक किंवा निवृत्तिवेतनाची सनद असेल, तर ती जपा आणि अभ्यासकाला दाखवा. भिंतीवर नसलेले एखादे नाव त्यातून हाती लागेल.