फ्लोरोसिस (किनवट-माहूर परिसर)

पिण्याच्या पाण्यावाटे वर्षानुवर्षे जादा फ्लोराइड पोटात गेल्याने दातांना व हाडांना जडणारा विकार. नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरचा डोंगराळ पट्टा आणि पैनगंगेपलीकडचा पांढरकवडा भाग यांत तो आढळतो. येथे दोष कारखान्याचा नाही. फ्लोराइड खडकातलेच, ते माणसाच्या घागरीत आणले बोअरच्या यंत्राने.

१९७२ च्या दुष्काळात आड-विहिरी आटल्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची स्थापनाही त्याच सुमाराची. पुढे बोअरच्या गाड्या तांड्यांपर्यंत, कोलाम आदिवासींच्या पोडांपर्यंत (वस्त्यांपर्यंत) पोचल्या आणि हापसे बसले. हापशाचे उपकार नाकारता येणार नाहीत. पायऱ्यांच्या उघड्या विहिरींतून पसरणारा नारू हा कृमिरोग हटवण्यात झाकलेल्या पाण्याचा मोठा वाटा होता. २००० साली भारत नारूमुक्त ठरला. पण उथळ विहिरीत बहुतांशी अलीकडच्या पावसाचे पाणी असते, तर खोल खडकातले पाणी दीर्घकाळ खनिजांच्या सहवासात मुरलेले असते. ते अल्कधर्मी असून त्यात कॅल्शियम कमी असेल, तर फ्लोराइड अधिक विरघळते. शिवाय असे पाणी नितळ दिसते, वासचव देत नाही; मग संशय यावा कशाने?

भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. पहिली खूण मुलांच्या पक्क्या दातांवर उमटते: आधी खडूसारखे पांढरे ठिपके, मग पिवळे-तपकिरी आडवे पट्टे. घासून ते जात नाहीत. मोठ्यांमध्ये सांधे व पाठीचा कणा आखडतो. हनुवटी छातीला टेकत नाही, गुडघे न वाकवता पायाच्या अंगठ्याला हात पोचत नाही. हाडांतला हा बदल औषधाने मागे फिरत नाही. कुपोषित शरीराला, विशेषतः आहारात कॅल्शियम कमी असल्यास, तो लवकर ग्रासतो.

नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी व चुना वापरून फ्लोराइड गाळासोबत खाली बसवतात. पद्धत स्वस्त आहे, पण मात्रा मोजून घालायला आणि गाळ काढायला रोज माणूस लागतो. वीस घरांच्या पाड्यावर तो कोण देणार? त्यापेक्षा नदीवरची नळयोजना, सुरक्षित उथळ विहीर किंवा साठवलेले पावसाचे पाणी हाच टिकाऊ उपाय. नव्या बोअरचे पाणी पिण्याआधी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. वाफ उडाल्यावर त्याचे प्रमाण उलट वाढते.