संकेतस्थळ कोणाच्या आवडीचे?

संकेतस्थळ तयार करताना पहिला वाद बहुधा रंगांवरून होतो. मालकाला एक रंग हवा असतो, रचनाकाराला दुसरा. ज्याच्यासाठी हा खटाटोप चालला आहे, तो वापरकर्ता मात्र बैठकीला हजर नसतो. त्याची अपेक्षा साधी असते. रेल्वेचे तिकीट काढणे, वीजबिल भरणे, निकाल पाहणे, जे काम हाती घेतले ते विनासायास पार पडावे.

ही अपेक्षा घडते कशी? उपयोगसुलभतेचे डॅनिश अभ्यासक जेकब निल्सन यांच्या मते, लोकांचा बहुतेक वेळ इतर संकेतस्थळांवर जातो. त्यामुळे आपलेही संकेतस्थळ तसेच चालेल, असे ते गृहीत धरतात. हे तत्त्व 'जेकबचा नियम' म्हणून ओळखले जाते. बोधचिन्हावर क्लिक केल्यास मुखपृष्ठ उघडावे, अधोरेखित शब्द म्हणजे दुवा असावा, हे रूढ संकेत मोडले की वापरकर्ता अडखळतो.

'आयएसओ ९२४१-११' या आंतरराष्ट्रीय मानकाने १९९८ मध्ये उपयोगसुलभतेच्या तीन कसोट्या ठरविल्या: परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान. तिन्ही वापरणाऱ्याच्या बाजूने लावावयाच्या आहेत.

मराठी वाचकांना याचा अनुभव आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे आपापले फॉन्ट वापरीत. वाचकाने तो फॉन्ट आधी उतरवून घेतला नाही, तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटत. शोधयंत्रांनाही असा मजकूर नीट सापडत नसे. मजकूर उत्तम असूनही तो वाचकापर्यंत पोहोचत नव्हता.

यावर उपाय खर्चिक नाही. निल्सन यांनी २००० मध्ये सुचविल्याप्रमाणे, पाच वापरकर्त्यांची चाचणीही बहुतेक दोष उघड करते. त्यांना 'कसे वाटले?' असे विचारण्याऐवजी एखादे काम सोपवावे आणि ते कोठे थांबतात, हे मुकाट्याने पाहावे. दोष दुरुस्त करून पुन्हा चाचणी घ्यावी.

सार्वजनिक सेवांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो. ब्रिटिश सरकारने २०१२ मध्ये आपल्या संकेतस्थळांसाठी तत्त्वे ठरविली, तेव्हा 'वापरकर्त्याच्या गरजेपासून सुरुवात करा' या अर्थाच्या तत्त्वाला पहिले स्थान दिले. दुकान गैरसोयीचे वाटले, तर ग्राहक दुसरीकडे जातो. निवृत्तिवेतनाचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्याला दुसरे दार नसते. तो अडला, तर त्याचा हक्कच अडतो.