‘कंटिन्यू’ : लूपमधील एक फेरी वगळताना

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले गणिती द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचे वैशिष्ट्य शोधून काढले. चार अंकी संख्येतील अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ मिळते. उदाहरणार्थ, ३५२४ घेतल्यास ५४३२ – २३४५ = ३०८७; ८७३० – ०३७८ = ८३५२; ८५३२ – २३५८ = ६१७४.

१००० ते ९९९९ या ९००० संख्यांवर ‘सी’ भाषेत हा पडताळा घेताना अडचण येते ती ११११, २२२२ अशा नऊ संख्यांची. त्यांची वजाबाकी शून्यच येते. त्यामुळे ‘६१७४ मिळेपर्यंत वजाबाकी करा’ असे सांगणारा प्रोग्रॅम ११११ पाशीच अडकतो.

अशा वेळी वजाबाकी सुरू होण्यापूर्वी ‘कंटिन्यू’ ही आज्ञा द्यावी. ती चालू फेरीचा उरलेला भाग सोडून लूपला पुढील फेरीकडे नेते व उर्वरित ८९९१ संख्या तपासल्या जातात. ‘ब्रेक’ मात्र संपूर्ण लूपच थांबवते. १११२ पासूनच्या संख्या तशाच राहून जातात.

एक दक्षता आवश्यक आहे. ‘फॉर’ लूपमध्ये ‘कंटिन्यू’नंतरही पुढची संख्या आपोआप घेतली जाते. ‘व्हाइल’ लूपमध्ये संख्या एकने वाढविणारी ओळ ‘कंटिन्यू’च्या खाली असल्यास तीही वगळली जाते आणि प्रोग्रॅम पुन्हा ११११ वरच फिरत राहतो. म्हणून तेथे आधी संख्या वाढवावी, मगच ‘कंटिन्यू’ लिहावे.