पॅच-फायलींचे नामकरण व मांडणी

सोर्स कोडच्या जुन्या व नव्या रूपांतला फरक ज्या मजकूर-फायलीत नोंदलेला असतो ती पॅच-फाईल. लॅरी वॉल यांचा १९८५ मधील ‘पॅच’ हा प्रोग्रॅम तो फरक वाचून मूळ कोडमध्ये बदल करतो. अनेक पॅच एकमेकांवर अवलंबून असले आणि क्रम चुकला, तर पुढच्या पॅचला हव्या त्या ओळी सापडत नाहीत आणि तो लागत नाही. म्हणून या फायली लावणाऱ्या शेल स्क्रिप्टने आधी क्रम सांभाळला पाहिजे, आणि तो फायलीच्या नावावर सोपवू नये. शेल नावे अक्षरक्रमाने लावतो, त्यामुळे १० क्रमांकाची फाईल २ च्या आधी येते. क्रमांकाच्या आधी शून्ये भरली की हे टळते. पण मग बॅश हा शेल ०००८ ला अष्टमान संख्या समजतो आणि बेरीज करताना अडतो. क्रमांक देवनागरी अंकांत असेल, तर तो बॅशला संख्या म्हणून वाचताच येत नाही.

अर्थाच्या बाबतीतही नाव अपुरे पडते. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या ‘गिट’ या साधनाची ‘फॉरमॅट-पॅच’ आज्ञा बदलाच्या शीर्षकावरून नाव बनवते, पण त्यात इंग्रजी अक्षरे, अंक, टिंब व अधोरेषा एवढेच टिकते. शीर्षक पूर्ण मराठीत असेल तर क्रमांक आणि एक आडवी रेघ उरते. शीर्षके इंग्रजीतच लिहावीत, हा आक्षेप आंतरराष्ट्रीय प्रकल्पापुरता रास्त आहे. मराठी माणसांनी आपापसांत चालवलेल्या कामात मात्र फायलीच्या नावासाठी भाषा सोडण्याचे कारण नाही. शीर्षक फायलीच्या आत, ईमेलसाठी सांकेतिक केलेल्या विषयओळीत शाबूत असते. ‘गिट मेलइन्फो’ ते उलगडून देते आणि स्क्रिप्टला त्यावरून नाव ठेवता येते. लिनक्सवर नावाची मर्यादा सहसा २५५ बाइटची असते व देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, एवढे भान ठेवावे.

क्रमासाठी वेगळी यादी हा उपाय जुना व पारखलेला आहे. लिनक्स कर्नलसाठी अँड्र्यू मॉर्टन यांनी वापरलेल्या स्क्रिप्टांतून ‘क्विल्ट’ हे साधन उभे राहिले. त्यात ‘सीरिज’ नावाच्या फायलीत पॅचची नावे क्रमाने असतात. डेबियन या लिनक्स-वितरणाची पॅकेजेही ही पद्धत वापरतात. मधे एक पॅच घातला तर एक ओळ वाढते, बाकीची नावे तशीच राहतात. यादी आणि फायली यांत तफावत पडेल, ही शंका खरी आहे. म्हणून स्क्रिप्टने दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात, नव्या नावाची फाईल आधीच असेल तर थांबावे, आणि नाव बदलताना यादीतली ओळही त्याच फेरीत बदलावी.