उसन्या न्यूट्रलचा इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोसायटीच्या इतिहासावर लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. पण प्लॉट कसा मिळाला, कर्ज कसे फिटले, बोअरला पाणी कितव्या फुटाला लागले, हे विषय इतर सभासदांनी आधीच वाटून घेतले होते. माझ्या वाट्याला वीज आली. मी काही इंजिनिअर नाही, बँकेत जन्म गेलेला माणूस. पण दुरुस्ती समितीवर नऊ वर्षे होतो आणि त्या काळात मीटरच्या खोलीत बराच वेळ काढला. आपल्या इमारतीच्या पंचवीस वर्षांत विजेने दोनदा मोठा धक्का दिला आणि दोन्ही वेळा कारण एकच निघाले, ते म्हणजे न्यूट्रल. म्हणून हा इतिहास त्या काळ्या वायरीचा.

आधी थोडी ओळख. घरात वीज फेजच्या वायरीने येते आणि दिव्यातून, पंख्यातून जाऊन न्यूट्रलने परत जाते. फेजने पाच अँपिअर आले तर न्यूट्रलने पाचच परत गेले पाहिजेत. बँकेत संध्याकाळी नावे आणि जमा जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे, तसाच हा हिशेब. न्यूट्रल जमिनीला जोडलेली असते, म्हणून टेस्टर लावला तर सहसा पेटत नाही आणि लोक तिला निरुपद्रवी समजतात. खरी गंमत तिथेच आहे.

दोन सर्किटांना मिळून एकच न्यूट्रल वापरायची युक्ती विजेच्या धंद्याइतकीच जुनी. 1882 साली इंग्लंडात जॉन हॉपकिन्सन आणि अमेरिकेत एडिसन, दोघांनीही तीन तारांच्या पद्धतीचे पेटंट घेतले. दोन सर्किटांना चार तारा लागतात. त्यांनी मधल्या दोन तारांची एकच केली. दोन्ही बाजूंचे प्रवाह या मधल्या तारेत उलट दिशेने येतात, म्हणून तिच्यातून दोहोंची बेरीज जात नाही, फक्त फरक जातो. एकीकडे दहा अँपिअर, दुसरीकडे आठ, तर मधल्या तारेत दोनच. तांब्याची मोठी बचत झाली. 4 जुलै 1883 रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या सनबरी गावात एडिसनने या पद्धतीने दिवे लावले. पुढे थ्री फेज आली, तिथेही तेच तत्त्व. तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर न्यूट्रलमध्ये जवळजवळ काहीच उरत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. 1948 पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो, 1956 साली द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि 1960 साली महाराष्ट्रात. त्याच वर्षी 20 जूनला महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले. शेजारच्या बीड जिल्ह्यात परळीचे औष्णिक केंद्र 1971 साली सुरू झाले. माझे शिक्षण कंदिलावर झाले. आमच्या गावात खांब उभे राहिले तेव्हा मी कॉलेजात होतो.

शहरातल्या जुन्या घरांत त्या वेळी लाकडी पट्टीतली वायरिंग असे. बोर्डावर चिनीमातीचे दोन फ्यूज, एक फेजला आणि एक न्यूट्रलला. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा विझायचा, पण दिव्यापर्यंतची वायर मात्र जिवंत राहायची. घरातल्या माणसाला वाटायचे, लाईट गेली. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतल्या 32 व्या नियमाने न्यूट्रलमध्ये स्वतंत्र फ्यूज किंवा स्विच घालायला मनाई केली होती. तोडायचे तर फेज आणि न्यूट्रल एकदम तोडा. नियम झाला, पण जुने बोर्ड भिंतीवर पुढे कितीतरी वर्षे राहिले.

खेड्यात वेगळीच तऱ्हा. मी शेतीच्या मोटारींची कर्जे मंजूर करायला फिरत असे. थ्री फेज मोटारीला न्यूट्रल लागतच नाही. मग शेतातल्या कोठ्यावर बल्ब लावायचा तर एक फेज घ्यायची आणि दुसरे टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधायचे. बल्ब पेटतो, पण सळईभोवतीची ओली जमीन बैलाला आणि माणसाला घातक होते. ही न्यूट्रलची उसनवारीच, फक्त जमिनीकडून घेतलेली.

आपली सोसायटी 2000 साली नोंदली गेली आणि पुढच्या वर्षी ताबा मिळाला. तळमजल्यावर थ्री फेज येते आणि फ्लॅट तीन फेजवर वाटून दिलेले आहेत. हे योग्यच आहे. पण आत काय केले होते ते नंतर कळले. बऱ्याच फ्लॅटमध्ये लाईटचे आणि पॉवरचे फेज वेगळे, त्यांचे एमसीबी वेगळे, पण न्यूट्रल एकच. जिन्यातल्या दिव्यांना फेज सोसायटीच्या मीटरवरून आणि न्यूट्रल जवळच्या फ्लॅटमधून. एक वायर वाचली. नंतर भारनियमनाची वर्षे आली, घरोघरी इन्व्हर्टर आले. वायरमन इन्व्हर्टरपासून दिव्यांपर्यंत एकच वायर ओढायचा आणि जुनी न्यूट्रल तशीच ठेवायचा. काम अर्ध्या दिवसात व्हायचे.

पहिला धक्का 2008 च्या मे महिन्यात बसला. भारनियमन संपून संध्याकाळी लाईट आली आणि बी विंगमध्ये काही घरांत ट्यूब डोळे दिपतील अशा पेटल्या, तर काही घरांत पंखे फिरेनात. दहा मिनिटांत तीन टीव्ही आणि एक फ्रिज गेला. मीटर बोर्डावर मुख्य न्यूट्रलचा अ‍ॅल्युमिनियमचा जोड सैल होऊन जळाला होता. न्यूट्रल तुटली की वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांच्या मागे जोडल्यासारखी होतात आणि दोन फेजमधले 400 व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ज्याच्या घरी गिझर चालू, त्याला कमी व्होल्ट. ज्याच्या घरी फक्त टीव्ही आणि ट्यूब, त्याच्यावर जवळजवळ सगळे 400 येऊन पडतात. नुकसान कोणी भरायचे यावर सभा रात्री अकरापर्यंत चालली होती, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. शेवटी ज्याचे त्याने सोसले.

दुसरा धक्का जिवावरचा होता. 2016 साली ए विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एका फ्लॅटचे काम चालले होते. वायरमनने मेन बंद केला, टेस्टर लावून पाहिला, कुठेच पेटला नाही. संध्याकाळ झाली होती, जिन्यातले दिवे लागले होते. त्याने बोर्डातल्या न्यूट्रलचा पीळ सोडला आणि त्याच क्षणी स्टुलावरून खाली पडला. जिन्यातल्या दिव्यांची न्यूट्रल त्याच पिळात होती. ती सुटी होताच दिव्यातून आलेली फेज तिच्या टोकाशी उभी राहिली. पोरगा वाचला, मनगटाचे हाड मोडले. त्याने घ्यायची ती सगळी काळजी घेतली होती. दोष त्या उसन्या वायरीचा होता, आणि ती भिंतीत कोणालाच दिसत नव्हती.

यावरून कोणी म्हणेल, न्यूट्रल वाटून घेणे मुळातच चूक. तसे नाही. आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. तिथल्या घरांत दोन 120 व्होल्टच्या सर्किटांना एक न्यूट्रल देण्याची रीत आजही चालते. पण ती दोन सर्किटे विरुद्ध बाजूंची असतात, त्यामुळे न्यूट्रलमध्ये एडिसनच्या तारेसारखा फरकच जातो. शिवाय 2008 पासून तिथल्या संहितेने दोन्ही ब्रेकर एकदमच बंद झाले पाहिजेत अशी अट घातली. ब्रिटनच्या नियमांत तर प्रत्येक सर्किट दुसऱ्यापासून पूर्ण वेगळे ठेवायला सांगितले आहे.

आपल्या फ्लॅटमध्ये मात्र सगळे एकाच फेजवर असते. इथे फरक नाही, बेरीज होते. एका सर्किटचे बारा आणि दुसऱ्याचे दहा मिळून बावीस अँपिअर एकाच न्यूट्रलमधून परत जातात. प्रत्येक एमसीबी आपल्यापुरती फेज पाहतो, त्याला सगळे ठीक वाटते, आणि भिंतीत न्यूट्रल तापत राहते. इमारतीच्या थ्री फेज मेनवर न्यूट्रल सामाईक असणारच, पण ती फेजइतकीच जाड हवी आणि जोड पक्का हवा. आजकालचे एलईडी दिवे आणि संगणक असा प्रवाह घेतात की त्याचा काही भाग तीन फेजमध्ये कटत नाही, न्यूट्रलमध्ये साठत जातो.

हा सगळा इतिहास आज सांगायचे कारण आहे. गेल्या दोन वर्षांत अनेक सभासदांनी आरसीसीबी बसवले. गेलेला आणि परत आलेला प्रवाह तो सतत जुळवतो, साधारण 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की लाईन तोडतो. माणूस वाचतो तो यामुळेच. पण न्यूट्रल उसनी असेल तर गेलेला प्रवाह दुसऱ्याच वाटेने परत जातो, फरक पडतो आणि आरसीसीबी उडत राहतो. मग कोणीतरी सल्ला देतो, तो काढून टाका, डोकेदुखी आहे. तीन घरांत तो काढलेला मी पाहिला आहे. कॅशमध्ये फरक आला म्हणून कॅशियरलाच घरी पाठवावे, असा हा प्रकार.

यंदाच्या सर्वसाधारण सभेत वायरिंग दुरुस्तीचा ठराव येईल. खर्च मोठा आहे, विरोधही होईल. माझी विनंती इतकीच की निदान पुढची कामे करून घ्यावीत. प्रत्येक सर्किटला स्वतःची न्यूट्रल, इन्व्हर्टरच्या लाईनला वेगळी न्यूट्रल, जिन्याच्या दिव्यांना सोसायटीच्याच मीटरची न्यूट्रल, आणि मीटरच्या खोलीतले मुख्य जोड दर उन्हाळ्याआधी परवानाधारक माणसाकडून तपासून घेणे. तोपर्यंत आपला आरसीसीबी सारखा उडत असेल किंवा मीटरवरचा ‘अर्थ’चा छोटा लाल दिवा कायम पेटत असेल तर समितीला कळवा. बहुतेक कुठेतरी न्यूट्रल उसनी गेलेली किंवा आलेली असेल.

आणि या वेळी वायरिंगचा नकाशा काढून घ्या. पंचवीस वर्षांपूर्वीचा नकाशा कोणाकडेच नाही, म्हणून प्रत्येक वेळी भिंती फोडून शोधावे लागले. नव्या नकाशाच्या दोन प्रती असाव्यात, एक कार्यालयाच्या फायलीत आणि एक मीटरच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवलेली.