एका ठिगळाचा इतिहास

गेल्या गणेशचतुर्थीला माझा एक जुना विद्यार्थी बेंगळूरहून घरी आला होता. संगणकाच्या कंपनीत असतो. "सर, रात्रभर पॅच लावत बसलो होतो," म्हणाला. मला हसू आले. आमच्या पिढीला पॅच म्हणजे चड्डीवरचे ठिगळ!

पण त्याचा शब्द चुकला नव्हता. १९४४ साली हार्वर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या 'मार्क वन' या गणकयंत्राला कागदी पट्टीवर भोके पाडून आज्ञा देत. भोक चुकले की त्यावर तुकडा चिकटवीत. तेच पॅच. पट्टी गेली, शब्द राहिला.

मग मी शब्दाच्या मागेच लागलो. आठव्या हेन्रीच्या विदूषकाचे नाव पॅच होते. कार्डिनल वुल्सीने १५२९ मध्ये तो राजाला नजर केला होता. शेक्सपिअरच्या नाटकांत हाच शब्द 'मूर्ख' या अर्थी येतो. पुढे विलायतेत स्त्रिया चेहऱ्यावर काळ्या रेशमाच्या टिकल्या चिकटवू लागल्या. त्याही पॅचच. त्यांतही पक्ष शिरले. व्हिग बायकांची टिकली एका बाजूला, टोरी बायकांची दुसऱ्या, अशी थट्टा ॲडिसनने १७११ मध्ये 'स्पेक्टेटर'मध्ये केली आहे.

पॅच म्हणजे जमिनीचा तुकडाही. 'हॅम्लेट'मध्ये नॉर्वेचे सैन्य पोलंडातल्या अशाच एका तुकड्यासाठी निघाले आहे. पाच डुकाट खंडानेही आपण तो कसायला घेणार नाही, असे त्यांचाच एक सरदार सांगतो. वाचताना मी तिथे नेहमी अडखळतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, तेव्हापासून आम्ही सीमाभागातली माणसे नकाशावरचा असाच एक तुकडा होऊन बसलो आहोत. दुरून पाहणाऱ्याला ते ठिगळ दिसते. इथे राहणाऱ्याला ते घर असते. आमचे मराठीचे गाऱ्हाणे खरे आहे, आणि शेजारच्या कन्नड घरातून सणाला येणारे होळीगेचे ताटही तितकेच खरे आहे.

आईने शिवलेली वाकळ अजून माझ्याकडे आहे. आजीचे लुगडे, वडिलांचे धोतर, आणि शेजारच्या कन्नड मावशींनी दिलेले इरकली काठ, सारे एकाच दोऱ्याने शिवलेले. त्या वाकळीत मूळ कापड कोणते आणि ठिगळ कोणते, हे मला आजवर ओळखता आलेले नाही. थंडीत पांघरताना तो प्रश्नही पडत नाही.